कोकणात भाकरी मागू नये

मुंबईहून सावंतवाडीला निघाल्यावर दरवेळी माझा संताप एकाच टप्प्यावर होतो. रात्रीचे ९ वाजतात, पोलादपूर मागे पडते, कशेडीचा बोगदा ओलांडला जातो आणि पोटात कावळे ओरडू लागले तरी महामार्ग ६६ वर धड जेवण देणारे ठिकाण काही सापडत नाही. झगमगत्या दिव्यांची उपाहारगृहे भरपूर आहेत. बाहेर ‘घरगुती कोकणी जेवण’ अशी ठसठशीत पाटी असते आणि आत पनीर बटर मसाला, हाक्का नूडल्स व दातांची परीक्षा पाहणारी तंदुरी रोटी. तांदळाची भाकरी मागितली की ‘संपली, साहेब’ हे उत्तर ठरलेले, जणू ती कधीकाळी होतीच! सोलकढी मिळालीच, तर नारळाच्या दुधाचा तिला जेमतेम वास लागलेला असतो. ज्यांच्या घरामागे माड आणि शेजारी भाताचे खाचर, त्यांनी भर कोकणात आम्हाला लालभडक पंजाबी रस्सा का वाढावा, हे मला आजवर उमगलेले नाही. गेल्या खेपेस अखेर खेडच्या पुढे गाडी कडेला लावून आम्ही आईने बांधून दिलेली थालीपिठे खाल्ली, तीही निवलेली.