नदीकाठची ती खडीची वाट डांबरी करू नका

फ्रान्समधल्या नान्त ते ब्रेस्ट कालव्याच्या काठाने जी सायकलची वाट जाते ती सगळी डांबरी करून टाका असं म्हणणारे लोक इथे हल्ली वाढलेत. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. मी नान्तला राहते, नवऱ्याची नोकरी इथे, आणि सुट्टीच्या दिवशी हवा बरी असली की आम्ही दोघं सायकली ट्रेनमध्ये टाकून रदोंला उतरतो आणि ऊस्त नदीच्या काठाने वर जातो. त्यामुळे हे जे लिहितेय ते वाटेवर टायर घासून लिहितेय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. पश्चिम फ्रान्सचा जो भाग समुद्रात घुसलाय ना, तो ब्रिटनी. ब्रेस्टला फ्रान्सच्या नौदलाचं मोठं बंदर आणि नेपोलियनच्या काळात इंग्रजांची जहाजं बाहेर समुद्रात दबा धरून बसलेली, बंदराकडे जाणारा माल अडवायची. मग ठरलं की समुद्रातून जाताच येत नसेल तर देशाच्या आतल्या भागातून पाण्याचा रस्ता काढायचा. १८११ मध्ये काम सुरू झालं, तोवर युद्ध संपलं, नेपोलियन गेला, तरी काम चालूच, आणि १८४२ ला तो पूर्ण उघडला. ३६४ किलोमीटर. पण ह्यातला मोठा भाग खरं तर खोदलेला कालवा नाहीच, त्या नद्याच आहेत, एर्द्र, इझाक, ऊस्त, ब्लावे, ओन. नद्यांना बंधारे घालून, लॉक (बोट वर-खाली न्यायला दोन्हीकडे दरवाजे असलेला पाण्याचा हौद) बांधून बोटी जातील इतकं पाणी केलं आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायला मधले उंचवटे तेवढे खोदले. ग्लोमेलचा खणलेला भाग सगळ्यात उंचावर, १८४ मीटर, आणि तो १८२३ ते १८३२ अशी नऊ वर्षं शिक्षा झालेल्या कैद्यांकडून खणून घेतलाय, हातांनी, कुदळ-फावड्याने. तिथे गेलं की दोन्ही बाजूंच्या उंच कडांकडे बघून मला दर वेळी त्या माणसांची आठवण येते, त्यांचं नाव कुठे फारसं दिसत नाही.

बोटी ओढायला काठाने घोडे चालायचे, पुष्कळदा माणसंही ओढायची, म्हणून काठाला सलग वाट. पुढे रेल्वे आली, मालवाहतूक मेली, मग गेर्लेदाँला १९३० मध्ये विजेसाठी धरण पूर्ण झालं आणि त्याच्या पाण्याखाली कितीतरी लॉक गेले, धरणाला बोटीसाठी रस्ता ठेवलाच नाही, म्हणजे कालवा मधोमध तुटला तो तुटलाच. (२०१५ मध्ये देखभालीसाठी तो तलाव रिकामा केला होता तेव्हा जुने लॉक आणि घरं चिखलातून वर आलेली बघायला अख्खा फ्रान्स लोटला होता.) पण वाट राहिली. आता ती ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे हिरवी वाट, आणि फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात २००४ पासून ह्या वाटांना वेगळा दर्जा आहे, मुख्यतः चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार ह्यांच्यासाठी. देखभालीची गाडी सोडली तर मोटार येत नाही.

आता मुद्द्यावर येते. ही वाट बहुतेक ठिकाणी बारीक खडी आणि वाळू दाबून केलेली आहे. कोरडी असते तेव्हा छान घट्ट, चाळीस मिलिमीटरच्या टायरला आणि थोड्या कमी हवेला एकदम मस्त. पाऊस झाला की वर पिवळट पातळ थर येतो, तो चेनमध्ये जातो, ब्रेकमध्ये जातो, घरी आल्यावर सायकल धुवावीच लागते. हा त्रास खरा आहे, मी नाकारत नाही. मडगार्ड लावा आणि पिशवीत जुना ब्रश ठेवा, एवढंच सांगेन.

पण ह्या खडीमुळेच तिथे वेग येत नाही. म्हणजे माणूस पंधरा-सोळाच्या स्पीडने जातो, जोर लावला तर वीस, त्याच्या वर जायला मजा राहत नाही. डांबरी केलं की रोड बाइकवाले पस्तीसने येणार, झुंडीने येणार, कारण सपाट आणि गाड्या नसलेला रस्ता त्यांना कुठे मिळतो? त्यांचंही चूक नाही. पण मग वाटेवर बसून गळ टाकणारा म्हातारा, मुलाला सायकल शिकवणारी आई, कुत्रा सोडून चालणारे लोक, हे सगळे कडेला जाणार. ल्वार नदीकाठचा तो ९०० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग बघा, सुंदर आहे, त्यावरही मी प्रेम करते, पण जिथे जिथे तो गुळगुळीत आहे तिथे उन्हाळ्यात सतत मागे वळून बघावं लागतं. ऊस्तच्या काठी कोणी मागून आलं तर खडीचा कर्रकर्र आवाज आधीच येतो आणि आपण सावकाश बाजूला होतो, घंटी वाजवायची गरजच पडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात सासरे आले होते कराडहून. बाबा पाटबंधारे खात्यात होते, आयुष्य कालव्यांवर गेलं. आम्हाला वाटलं पॅरिस दाखवावं, तेही दाखवलं, पण त्यांना खरी गोडी लागली ती इथे. भाड्याची साधी सायकल घेतली, जाड टायरची, आणि रदोंहून मालेत्र्वाकडे निघालो, चाळीसेक किलोमीटर. पहिल्या दहा मिनिटांत बाबा म्हणाले, "अगं हा तर आपला कालव्याचा इन्स्पेक्शन रोड!" आणि खरंच तसंच आहे ते, आपल्याकडे पाटाच्या कडेने जीप जायला असतो तसा, फक्त इथे जीप नाही. त्यांचं सगळं लक्ष लॉककडे. सत्तरीचा माणूस, प्रत्येक लॉकपाशी उतरणार, दरवाजे बघणार, बंधाऱ्यावरून किती पाणी पडतंय बघणार. एका ठिकाणी बोट येत होती आणि लॉकवर कॉलेजची एक मुलगी होती, उन्हाळ्यात मुलांना हे काम मिळतं. तिने बोट आत घेतली, मागचे दरवाजे पाठ लावून ढकलत मिटवले, मग पुढे जाऊन हँडल फिरवायला लागली, दरवाज्याच्या तळाशी छोट्या झडपा असतात त्या उघडतात आणि पाणी आत उसळत येतं. बोट इंचाइंचाने वर. बाबांनी मला दाखवलं की दोन दरवाजे सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याच्या दिशेला टोक काढून मिटतात, म्हणून वरचं पाणी जितकं जास्त दाबेल तितके ते घट्ट बसतात, ना कुलूप ना मोटर. आणि दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की तीच मुलगी नुसत्या पाठीच्या जोरावर तो टनांचा दरवाजा उघडते. बाबा तिच्याशी मराठीतच बोलत होते आणि ती फ्रेंचमध्ये उत्तर देत होती, माझी मधे फार गरज पडली नाही. तिने शेवटी त्यांच्या हातात हँडल दिलं.

हे मी का सांगतेय, तर ह्या लॉकमुळेच ही वाट कुणालाही जमते. दोन लॉकच्या मधे पाणी सपाट म्हणून वाटही सपाट, आणि लॉक आला की दोन-अडीच मीटरचा छोटासा चढ, झालं. संपूर्ण मार्गावर असे मूळचे २३० च्या वर लॉक होते, धरणाखाली गेलेले धरून. रोआँच्या पुढे पाँतिवीकडे जाताना तर थोड्याशा अंतरात पन्नासेक लॉक एकामागून एक येतात, जिन्यासारखे, तरी दम लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला, सातवी-आठवीतल्या पोराला, दोघांना एकाच वाटेवर एकाच दिवशी नेता येतं, असे रस्ते किती असतात?

आणि काय काय बघायला मिळतं! रदोंहून थोडं वर ईल ओ पीपाशी नदी उंच खडकांच्या मधून जाते, तिथे पोरं दोर लावून कडे चढत असतात. पुढे दोन्ही बाजूंना ओलसर कुरणं, गाई, राखी बगळे. खंड्या दिसतो, निळा बाण पाण्यावरून जावा तसा, आणि बाबांना ते पटेना पण तो आपल्याकडचा छोटा खंड्याच, जात तीच. मालेत्र्वाला चौकात लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत, एका घराच्या तुळईवर सूत कातणारी डुकरीण आणि वाद्य वाजवणारा ससा कोरलाय, मध्ययुगातल्या कुणीतरी गंमत म्हणून. त्याच्याही पुढे जोस्लँ, तिथे रोआँ घराण्याचा किल्ला, तीन गोल बुरूज थेट नदीतून उठलेले, आणि वाट त्यांच्या बरोबर समोरून जाते. शाकाहारी लोकांनी काळजी करू नका, कुट्टूच्या पिठाचं पातळ गालेत सगळीकडे मिळतं, चीज-मशरूम घालून मागा. लॉकवाल्यांची जुनी घरं पण आता काही ठिकाणी कॅफे झालीत.

आता दुसरी बाजू, कारण ती मांडणारे लोक मूर्ख नाहीत. व्हीलचेअरवाल्यांना ओल्या खडीवर त्रास होतो. बाबागाडी अडकते. जवळच्या गावातून रोज कामाला सायकलने जाणाऱ्याला चिखलाचे कपडे परवडत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि माझ्या मैत्रिणीचा मुलगा व्हीलचेअरवर आहे म्हणून मला ते जवळून माहीत आहे. म्हणून माझं म्हणणं असं की गावाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन किलोमीटर, जिथे लोक रोज जातात-येतात, तिथे गुळगुळीत करा, खुशाल करा, बाकं ठेवा, पार्किंगपासून व्हीलचेअर थेट पाण्यापर्यंत जाईल असं करा. गावांच्या मधला जो लांब भाग आहे तिथे डांबर नको, तिथे खडीच नीट दाबून, पाणी बाजूला जाईल असा उतार देऊन ठेवा. बहुतेक तक्रारी वाईट देखभालीच्या आहेत, खडीच्या नाहीत. खड्डे वर्षानुवर्षं तसेच ठेवायचे आणि मग म्हणायचं बघा खडी चालत नाही, हे बरोबर नाही.

अजून एक गोष्ट म्हणजे पूर. २०२५ च्या जानेवारीच्या शेवटी विलेन आणि ऊस्त ह्या दोन्ही नद्या इतक्या चढल्या की रदों पाण्याने वेढलं गेलं, कित्येक दशकांत असा पूर आला नव्हता. एवढा मोठा नाही आला तरी हिवाळ्यात वाटेचे काही तुकडे पाण्याखाली जातातच, ती नदीचीच जागा आहे. खडी वाहून गेली तर रोलर आणि ट्रकभर खडी आणून परत बसवता येते. डांबराच्या खालची माती निघून गेली की वरचा थर पापडासारखा तुटतो आणि ते तुकडे नदीत. शिवाय काठाची झाडं, त्यांची मुळं डांबर उचलतात आणि मग कोणीतरी म्हणणार झाडं काढा. मला हीच सगळ्यात मोठी भीती आहे. जुलैच्या दुपारी ती सावली नसेल तर तिथे सायकल चालवायला कोण जाईल?

भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना मी आता सरळ सांगते की पॅकेज टूरमधले दोन दिवस कमी करा आणि इकडे या. महागडी ग्रॅव्हल बाइक लागत नाही, कपडे लागत नाहीत, जाड टायरची भाड्याची सायकल पुरते. ट्रेनमध्ये सायकल नेता येते, फक्त गर्दीच्या मोसमात आधी चौकशी करा. मे-जून उत्तम, सप्टेंबर त्याहून उत्तम, ऑक्टोबरात रदोंला चेस्टनटची जत्रा असते. पाण्याची बाटली दोन घ्या कारण रविवारी गावातली दुकानं बंद असतात. आणि इथे राहणाऱ्यांनी, आपल्या गावच्या नगरपालिकेत ह्या वाटेबद्दल मत मागवतील तेव्हा लिहून द्या, मराठी मंडळातले आपण सगळे इथे कर भरतो, आपलंही मत मोजलं जातं. माझं पत्र लिहून तयार आहे, कुणाला मसुदा हवा असेल तर मेसेज करा, फ्रेंच मी बघून देईन.