‘हो की नाही, एवढंच सांगा’

काही वर्षांपूर्वी एका अपघाताच्या खटल्यात मी साक्ष दिली. उलटतपासात विरुद्ध बाजूच्या वकिलांनी विचारलं, "घटनेच्या वेळी अंधार होता?"

"होता, पण..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

मी हो म्हटलं. गाडी जिथे धडकली तिथल्या खांबावरचा दिवा चालू होता, हे तोंडातच राहिलं. नंतर सही करण्याआधी जबाब वाचला. त्यात होतं, ‘हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी अंधार होता.’ वाक्य वकिलांचं, सही माझी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, पण मी पाहिलेलं दृश्य ते नव्हतं.

तेव्हापासून कोर्टातल्या भाषेबद्दल मी खूप विचार करते. वकिलांच्या युक्तिवादाबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या अशिलासाठी त्यांनी जीव तोडून बोलावं, शब्द पारखून वापरावेत. समोर तितकाच तयारीचा वकील असतो आणि ऐकणाऱ्या न्यायाधीशांना माहीत असतं की ही एक बाजू आहे. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलं होतं की न्यायालयातलं भाषण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असतं. पण ती गोष्ट डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्या खोलीत बहुतेकदा एकच असतो, तो म्हणजे साक्षीदार. मन वळवण्याची भाषा त्याच्यावर चालायला लागली, की मला भीती वाटते.

कारण शब्द आठवणीतही शिरतात. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ४५ विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ असं ऐकलेल्यांनी सरासरी ताशी सुमारे ४१ मैल सांगितला, नुसत्या ‘टेकल्या’ असं ऐकलेल्यांनी सुमारे ३२. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच पाहिली का? फिल्ममध्ये काच नव्हतीच. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७.

मराठीत तर गाडी लागते, घासते, धडकते, आदळते, माणसाला उडवते, चिरडते. यातलं कोणतंही क्रियापद प्रश्नात सहज बसतं. "गाडी भरधाव येत होती तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात?" यावर मी फक्त जागा सांगते, आणि ‘भरधाव’ मी न बोलताच कबूल होतं. म्हणून तर सरतपासात, म्हणजे साक्षीदाराला त्याच्याच बाजूचा वकील प्रश्न विचारतो तेव्हा, सूचक म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नांना सहसा मनाई असते. उलटतपासात मात्र मुभा असते. ती असायलाही हवी, खोटं बोलणाऱ्याला पकडायचं दुसरं साधन फारसं नाही. पण घाबरलेल्या खऱ्या माणसावरही तेच साधन चालतं, याचं भान मला फार कमी ठिकाणी दिसतं.

आणि घाबरलेला माणूस कसा बोलतो? ‘म्हणजे’, ‘बहुतेक’, ‘मला वाटतं’, ‘तसं बघायला गेलं तर’. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोर्टातल्या भाषेचे अभ्यासक विल्यम ओबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच साक्ष दोन तऱ्हांनी ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवली. मजकूर तोच. अडखळत, चाचरत दिलेली साक्ष ऐकणाऱ्यांना कमी विश्वासार्ह वाटली. मला हे वाचून रडू आलं होतं. मी ‘बहुतेक’ म्हणते तेव्हा मी प्रामाणिक असते. जेवढं पाहिलं तेवढंच सांगायची माझी धडपड असते. ठासून बोलणाऱ्याला कदाचित जास्त काही दिसलेलं नसतं, त्याला नुसती ठासून बोलायची सवय असते.

साक्षीदाराचं ‘पण’ पूर्ण होऊ द्यावं, एवढंच मला हवं आहे. ‘हो’ नंतरचं एक वाक्य. उलटतपासानंतर आपल्या बाजूचा वकील पुन्हा प्रश्न विचारतो, त्या फेरतपासात खुलासा करता येतो, पण त्यासाठी त्याच्या ते लक्षात यावं लागतं. माझ्या वेळी आलं नाही, आणि मला मधे बोलता येतं का, हेही ठाऊक नव्हतं. त्या जबाबात अंधार आहे, दिवा नाही.