रस्त्यात झोपू नका हो!

आज पुन्हा तेच. शुक्रवार, सकाळचे साडेनऊ, म्हापशाचा बाजार गाठायची घाई. सासूबाई स्कूटरवर मागे, त्यांच्या मांडीवर तांबड्या भाजीच्या जुड्यांनी भरलेली पिशवी. आणि आमच्या गोव्यातल्या पर्रा गावच्या माडांच्या रस्त्यात, अगदी मधोमध, एक मुलगी हात पसरून आडवी झोपलेली! वर ड्रोन घिरट्या घालतोय. हॉर्न वाजवला तर तिचा मित्र माझ्यापुढे हात आडवा धरून म्हणतो, "दीदी, दो मिनट." ती दोन मिनिटं संपेपर्यंत पाठीमागे मासळीवालीची रिक्षा, शाळेची व्हॅन, सगळे खोळंबले. ऊन वाढत होतं, सासूबाईंच्या हातातली भाजी माना टाकत होती.

एक दिवस समजू शकते. रोज? 2016 ला 'डिअर जिंदगी' सिनेमा आला, त्यात हा रस्ता दिसला, आणि तेव्हापासून आमचं येणं-जाणं या लोकांच्या मर्जीवर. काळ्या पाटीच्या भाड्याच्या दुचाक्या वाटेल तशा उभ्या करायच्या, प्री-वेडिंगवाल्यांनी भरजरी लेहंगा रस्ताभर पसरायचा, आणि वाट मागितली की आपणच गुन्हेगार!

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? गावाचं नावच पुसलं. "डिअर जिंदगी रोड कुठे?" असं मला माझ्याच दारात विचारतात. अहो, पर्रा म्हणा! मनोहर पर्रीकरांच्या आडनावातलं पर्रा. इथल्या कलिंगडांची गोष्ट ते भाषणात सांगायचे: शेतकरी सगळ्यात मोठी कलिंगडं गावच्या पोरांना फुकट खायला घालायचा आणि बिया तेवढ्या मागून घ्यायचा, म्हणजे पुढच्या वर्षी पीक तसंच मोठं. त्याच गावच्या शेतात आता हे लोक चपला घालून बांध तुडवत उतरतात, चांगला अँगल मिळावा म्हणून. जाताना पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तिथेच. उचलणार कोण? आम्ही.

2019 मध्ये पंचायतीने फोटो-शूटिंगला 500 रुपयांपर्यंत कर लावला, तेव्हा केवढी बोंब झाली! गाववाले लुटारू ठरले. सिनेमावाले पैसे कमावून गेले, टॅक्सी आणि हॉटेलवाले कमावतात, आणि झाडलोट करणाऱ्या पंचायतीने चार पैसे मागितले तर ती लूट?

शापोऱ्याच्या किल्ल्याचंही तेच. 2001 ला 'दिल चाहता है' आला आणि तटावर पाय सोडून बसायला रांगा लागल्या. आजचा किल्ला पोर्तुगिजांनी 1717 ला बांधला, त्याच्या आधीचा संभाजी महाराजांच्या काळात मराठ्यांनी घेतला होता. एवढा इतिहास पायाखाली आहे, पण विचारणार एकच, "वो तीनों कहाँ बैठे थे?"

या ना गोव्यात, कोण नको म्हणतंय? आमच्याही घरातली माणसं पर्यटनावरच जगतात. पण हे माड कुणीतरी लावलेत, शिंपलेत, रस्ता आमच्या वापराचा आहे. परवा रात्री शेजारच्या आजोबांना दम लागला, तेव्हा याच रस्त्याने गाडी न्यावी लागली. रात्र होती म्हणून वाट मोकळी मिळाली. सकाळी दहाला दम लागला असता तर?

फोटो काढायचाय ना, कडेला उभे राहून काढा. गाडी रस्त्याच्या खाली घ्या. आणि मागून हॉर्न ऐकू आला की उठा, लगेच उठा!