आरसी नावावर झाली, पण गाडीचं खातं?

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी नाशिकला दादाला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडचे गृहस्थ अदबीने बोलत होते. "तुमच्या गाडीचा मागचा दरवाजा नीट लागलेला दिसत नाही. एकदा खाली जाऊन बघता का?" दादा चपला अडकवून पार्किंगमध्ये गेला. डावीकडचा मागचा दरवाजा खरंच अर्धवट लागलेला होता. वहिनीने शाळेतून आणलेले वह्यांचे गठ्ठे काढले, तेव्हा राहिला असणार.

फोन करणारे गृहस्थ पुण्याचे. दोन महिन्यांपूर्वी दादाने त्यांचीच इलेक्ट्रिक गाडी एका डीलरमार्फत घेतली होती. आरसी दादाच्या नावावर झाली, विमा झाला, दोन्ही किल्ल्या मिळाल्या. गाडीचं ॲप मात्र अजून त्यांच्याच मोबाइलवर चालू होतं. चार्जिंग किती टक्के आहे, कुलूप लागलंय का, गाडी कुठे उभी आहे, सगळं त्यांना पुण्यात बसून दिसत होतं. "मला रोज नोटिफिकेशन येतात हो, मलाच कसंतरी होतं," असं ते दादाला म्हणाले.

दादाला ते देवमाणूस वाटले. वहिनीने एवढंच विचारलं, "म्हणजे मी शाळेतून कधी निघते, सिन्नरला आईकडे कधी जाते, हे दोन महिने त्यांना दिसत होतं?"

मी ऑस्लोत राहते. गेली सहा वर्षं आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, आणि इथे त्यात विशेष काही नाही. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. म्हणून घरच्या ग्रुपवर गाडीचा विषय निघाला की मला विचारलं जातं. वहिनीचा प्रश्न आला तेव्हाही ग्रुपवर भरपूर चर्चा झाली. काकांचं म्हणणं, चिनी गाड्यांपासून लांब राहा म्हणजे झालं. मावसभाऊ म्हणाला, आपल्यासारख्या साध्या माणसांवर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार? आणि एका आत्याने लिहिलं, तुमच्या नॉर्वेत असलं काही होत नसेल.

तिन्ही म्हणणी मला पटत नाहीत. का ते सांगते, पण आधी हे ॲप चालतं कसं ते सांगायला हवं. आपला असा समज असतो की मोबाइल आणि गाडी एकमेकांशी बोलतात, टीव्ही आणि रिमोटसारखं. तसं नसतं. गाडीत टेलिमॅटिक्सचं एक छोटं यंत्र असतं आणि त्याला स्वतःचं सिम असतं. आपण मोबाइलवर 'एसी सुरू' दाबलं की तो निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो. हे खातं या चासी नंबरशी जोडलेलं आहे का, एवढं सर्व्हर तपासतो. असेल तर तो गाडीला जागं करतो, गाडी हुकूम पाळते आणि उत्तर पुन्हा सर्व्हरमार्गेच आपल्याकडे येतं. म्हणूनच तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली की ॲपवर 'शेवटचं अपडेट 14 तासांपूर्वी' असं दिसतं. मोबाइल हातात आहे, गाडी दोन मजले खाली आहे, तरी एकमेकांचा पत्ता नाही. आणि म्हणूनच पुण्याच्या गृहस्थांना किल्लीची गरज पडली नाही. सर्व्हरच्या लेखी मालक तेच होते.

ही सोय मला मनापासून आवडते, हे आधीच कबूल करते. जानेवारीत पहाटे बाहेर उणे 15 असतं, काचेवर बर्फाचा थर असतो. मी स्वयंपाकघरात चहा टाकते आणि मोबाइलवरून गाडीचा हीटर लावते. गाडी प्लगला जोडलेली असल्याने ती ऊब घराच्या विजेवर येते, बॅटरीतले किलोमीटर वाचतात. चहा पिऊन खाली जाईपर्यंत काच मोकळी झालेली असते. चार्जिंगचंही तसंच. इथे विजेचा दर तासागणिक बदलतो, उद्याचे दर आज दुपारी एकच्या सुमारास जाहीर होतात, आणि टिबरसारखं ॲप ते बघून गाडी रात्री स्वस्त तासांत चार्ज करतं. (ऑक्टोबर 2025 पासून सरकारने ठरावीक दराचा पर्यायही दिला आहे, आम्ही तो अजून घेतलेला नाही.)

आपल्याकडेही याची गरज वाढत जाणार. जुलै 2025 पासून महावितरणने टीओडी मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत सुरू केली. म्हणजे इथे रात्री स्वस्त आणि तिथे दिवसा. दिवसा माणूस कामावर आणि गाडी घरी असेल, तर चार्जिंग लांबूनच चालू-बंद करावं लागेल. त्यामुळे 'ॲप काढूनच टाका' हा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

आता काकांचा मुद्दा. चिनी गाड्यांची शंका निराधार नाही, आणि तिची सर्वांत चांगली तपासणी आमच्याच शहरात झाली. ऑस्लो आणि आसपासच्या बस चालवण्याची जबाबदारी रूटर या सार्वजनिक संस्थेची आहे. 2025 मध्ये त्यांनी युटॉन्ग या चिनी कंपनीची नवी बस आणि व्हीडीएल या डच कंपनीची बस डोंगराच्या पोटात नेली, जिथे बाहेरचा कुठलाही सिग्नल पोचत नाही, आणि तपासली. युटॉन्गच्या बसमध्ये सॉफ्टवेअर बदलण्यासाठी आणि बिघाड शोधण्यासाठी कंपनीला थेट शिरकाव होता, बॅटरी आणि वीजपुरवठ्याच्या नियंत्रणापर्यंत. तत्त्वतः त्या वाटेने बस बंद पाडता आली असती. डच बसला लांबून सॉफ्टवेअर बदलण्याची सोयच नव्हती. इथवर काका बरोबर. पण याच तपासणीतून हेही कळलं की सगळा संपर्क एका रोमानियन सिममधून जात होता, आणि ते काढलं की बस बाहेरच्या जगापासून तोडता येते. रूटरला ते दार सापडलं, म्हणजे त्यावर पहाराही बसवता येतो.

उलट फोक्सवागनचं बघा. जर्मन कंपनी, युरोपचे कडक कायदे. तरी डिसेंबर 2024 मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब ही जर्मन हॅकर्सची संघटना आणि 'देर श्पीगल' या साप्ताहिकाने उघड केलं की तिच्या कॅरिआड या सॉफ्टवेअर कंपनीकडची सुमारे 8 लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती इंटरनेटवर जवळजवळ उघड्यावर पडलेली होती. त्यातल्या सुमारे 4 लाख 60 हजार गाड्या कुठे कुठे उभ्या राहिल्या, हे बारकाईने कळत होतं. राजकारण्यांच्या गाड्या त्यात होत्या, हॅम्बुर्ग पोलिसांच्याही होत्या. काका, ही गाडी चिनी नव्हती. कंपनी कुठल्याही देशाची असो, गाडी कधी कुठे थांबली याची वही तिने स्वतःकडे जमा करून ठेवली होती, आणि मालकांपैकी कुणाला ती वही एवढी जाड आहे याची कल्पना नव्हती.

आणि आत्या, नॉर्वेतही होतं. 2016 च्या सुरुवातीला ट्रॉय हंट हे ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञ इथे कार्यशाळा घ्यायला आले होते. शिकायला आलेल्या एकाकडे निस्सान लीफ होती. त्याच्या लक्षात आलं की ॲप सर्व्हरकडे फक्त चासी नंबर पाठवतं, पासवर्ड विचारलाच जात नाही. तो नंबर तर समोरच्या काचेतून कुणालाही वाचता येतो. शेवटचे आकडे बदलून बघितले तर दुसऱ्याच कुणाच्या लीफची माहिती समोर आली. पुढे हंट यांनी ऑस्ट्रेलियात बसून इंग्लंडमधल्या आपल्या सहकाऱ्याच्या गाडीचा हीटर त्याच्या संमतीने सुरू करून दाखवला. हे प्रसिद्ध झाल्यावर निस्सानने ती सेवा थांबवली.

मावसभावाला मात्र मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण घरी सगळ्यांत जास्त चालणारं म्हणणं त्याचंच आहे. साध्या माणसांवर पाळत ठेवून कुणाला काय मिळणार? अरे, साध्या माणसावर पाळत ठेवणारा बहुतेक वेळा साधाच माणूस असतो. वेगळा राहणारा नवरा, संशयी भाऊ, गाडी विकून मोकळा झालेला पहिला मालक, डीलरकडचा एखादा मुलगा. त्याला सर्व्हर फोडायची गरज नाही, त्याच्या मोबाइलवर ओटीपी आधीच येऊन गेलेला असतो. वहिनीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. कुणी हॅकर नव्हता, कुठला परदेश नव्हता. एक खातं होतं आणि ते बदलायचं राहून गेलं होतं.

ते बदलायला किती दिवस लागले ऐका. दादाने डीलरला विचारलं, तो म्हणाला सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, कंपनीला मेल करा. कंपनीकडून उत्तर आलं की आरसीची प्रत पाठवा, आणि जुन्या मालकाच्या नंबरवर ओटीपी जाईल तो कळवा. पुण्याच्या गृहस्थांनी तो लगेच दिला, दोनदा मुदत संपली तर तिसऱ्यांदाही दिला. तीन आठवड्यांनी काम झालं. ते फोन उचलत नसते तर? परदेशी गेले असते, किंवा वारले असते तर? दादा म्हणत राहिला, "माणूस चांगला होता गं." होताच. पण वहिनीची सुरक्षितता एका अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर तीन आठवडे टांगलेली होती, हे मला आजही सहन होत नाही.

मी माझी आधीची गाडी इथे विकली तेव्हा मालकीबदल मोबाइलवर झाला. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर मी आणि गाडी घेणाऱ्यांनी डिजिटल सही केली आणि दहा मिनिटांत गाडी त्यांची झाली. पण ॲपचं खातं इथेही आपोआप हललं नाही. ते मी स्वतः काढलं, गाडीच्या पडद्यावर जाऊन सगळं मूळ स्थितीत आणलं, आणि हे करायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. म्हणजे नॉर्वेचा कित्ता गिरवा, असं मी म्हणूच शकत नाही. उलट आपल्याकडे हे आधी होऊ शकतं असं मला वाटतं, कारण जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचा मोठा बाजार आपल्याकडे आता कुठे सुरू होतोय. घरोघरी गेलेल्या गाड्यांची खाती नंतर निस्तरण्यापेक्षा नियम आत्ता करणं सोपं आहे.

आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरल्यावाचून गाडी नावावर होत नाही. त्याच वेळी जुन्या मालकाचं खातं गाडीपासून तुटलं पाहिजे, आणि ते तोडायची जबाबदारी कंपनीची हवी, जुन्या किंवा नव्या मालकाची नव्हे. गाड्यांच्या नोंदणीच्या 'वाहन' या सरकारी प्रणालीत मालकाचं नाव बदललं की कंपनीला कळवायचं, एवढंच लागेल. आणि गाडीच्या पडद्यावर साध्या मराठीत दिसलं पाहिजे की आत्ता ही गाडी कोणकोणत्या मोबाइलवर दिसते आहे. बघायला ओटीपी नको, ॲपही नको. गाडीत बसलेल्या बाईला स्टिअरिंगसमोर बसून ते वाचता आलं पाहिजे आणि तिथेच नाव काढता आलं पाहिजे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्याकडे आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. हा काळ वाहन कंपन्यांना याच गोष्टी विचारण्याचा आहे. ग्राहक पंचायतींनी, सोसायट्यांनी, आणि शोरूममध्ये रेंज नि सबसिडीची चौकशी करणाऱ्या प्रत्येकाने विचारावं, की विकताना हे खातं कसं तुटतं, ते आत्ता करून दाखवा.

दादाकडचं खातं आता वहिनीच्या नावावर आहे, कारण गाडी जास्त तीच चालवते. शाळा सुटायच्या दहा मिनिटं आधी ती एसी लावते. ॲपमध्ये घरच्या माणसांना जोडता येतं, तेव्हा दादाने मला विचारलं, "तुलाही जोडू का? तिकडून आमच्यावर लक्ष राहील." मी म्हटलं, वहिनीला विचार. तिने दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाली, "राग मानू नका, पण नको. चार्जिंग किती आहे ते मी रोज कळवत जाईन."

कालचा निरोप होता: 64 टक्के, गाडी दारात.