गुडघा दुखतो म्हणून पोरांना महिनाभर बसवून ठेवू नका

व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, उंच उडी खेळणाऱ्या पोरांचा गुडघा वाटीच्या खालच्या टोकाशी, अगदी एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतो. वॉर्मअपनंतर दुखणं दबतं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा डोकं वर काढतं. हाच ‘जंपर्स नी’. वाटीला नडगीशी जोडणाऱ्या टेंडनचं, म्हणजे दोरासारख्या चिवट पट्ट्याचं, हे दुखणं. २००५ साली नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंच्या पाहणीत व्हॉलीबॉलमधल्या सुमारे ४५ टक्के जणांना ते होतं.

यावर आपल्याकडे ठरलेला सल्ला म्हणजे महिनाभर आराम आणि मग थेट मैदानात. आरामाने दुखणं शमतं खरं, पण तेवढ्यात मांडीची ताकद उतरते, टेंडनची भार पेलायची क्षमताही घटते. म्हणून पहिल्याच जोरदार सरावात गुडघा परत धरतो. उड्या कमी करा, पण भार बंद करू नका.

सुरुवात स्थिर भाराने करा. लेग एक्स्टेन्शन मशीनवर (बसून नडगीने वजन वर उचलायचं जिममधलं यंत्र) गुडघा साधारण ६० अंशांत वाकवून ४५ सेकंद धरायचं, असं ५ वेळा, मध्ये २ मिनिटं विश्रांती. वजन असं हवं की शेवटी मांडी थरथरली पाहिजे. मशीन नसेल तर न ताणणारा जाड पट्टा खांबाला बांधून गुडघ्यांमागून घ्या आणि मागे रेलून अर्धं बसा. दुखणं आटोक्यात आलं की दिवसाआड स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणं): ३ सेकंद खाली, ३ सेकंद वर, ४ सेट. आधी जेमतेम १५ वेळा उचलता येईल असं वजन, मग आठवड्यागणिक वाढवत जेमतेम ६ वेळा उचलता येईल इथवर. किमान १२ आठवडे. बहुतेक जण इथेच फसतात: वजन हलकं, वेग जास्त, आणि चौथ्या आठवड्यात ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडून देतात. एकेका पायाने करणंही टाळतात, मग चांगला पाय सगळा भार ओढतो.

व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पायावर उभं राहून गुडघा वाकवून पाहा. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर भार कमी करा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनला माझा ठाम विरोध आहे. काही आठवडे बरं वाटतं, पुढे निकाल व्यायामापेक्षा वाईट. वाढत्या वयातल्या मुलांचं दुखणं बऱ्याचदा हाडाच्या वाढीच्या जागेचं असतं, ते डॉक्टरांना दाखवा. ‘कट्’ आवाज होऊन पाय सरळ उचलता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि प्रशिक्षकांनो, उन्हाळी शिबिरात एकदम दोन वेळचा सराव लावू नका. तास नाही, प्रत्येकाच्या उड्या मोजा. दुखणाऱ्या पोराला उडीच्या दोन सरावांत ४८ तास तरी द्या.