‘दहा वर्षं जुनं पुस्तक कशाला सुचवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, मुद्देसूद आहे, आणि तिच्यातला राग वाया जाणाऱ्या वेळेबद्दलचा आहे. तो मला समजतो. म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवण्यापेक्षा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेम प्रोग्रामिंग शिकायला कोणतं पुस्तक घ्यावं, यावरच्या लेखात मी रॉबर्ट निस्ट्रॉम यांचं ‘गेम प्रोग्रामिंग पॅटर्न्स’ सगळ्यांत वर ठेवलं होतं. पॅटर्न म्हणजे वारंवार येणाऱ्या अडचणीवरची कोडची ठरलेली रचना. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे पुस्तक २०१४ चं आहे, उदाहरणं सी प्लस प्लसमध्ये आहेत, युनिटी किंवा अनरियल ही गेम इंजिनं (गेम बनवायची तयार सॉफ्टवेअर) कशी वापरायची यावर एक धडाही नाही, आणि नोकरीच्या जाहिरातीत तर इंजिनचंच नाव असतं. तुम्ही डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात, यूट्यूब बघून युनिटीत छोटे गेम केले आहेत, आणि तुमच्या मते असं पुस्तक सुचवणं ही ‘विद्यार्थ्यांची दिशाभूल’ आहे. शेवटी खर्चाबद्दल, गणिताबद्दल, इंग्रजीबद्दल आणि जेसन ग्रेगरी यांच्या जाडजूड पुस्तकाबद्दल विचारलंय.

माझं मत मी बदललेलं नाही. का, ते सांगतो.

पुस्तक जुनं झालं का, हे छापल्याच्या सालावरून ठरवता येत नाही. ते कशाबद्दल बोलतंय यावरून ठरतं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सएनए हे गेम बनवायचं साधन आणलं तेव्हा त्यावर पुस्तकांची रांग लागली होती. २०१३ मध्ये पुढची आवृत्ती येणार नाही हे स्पष्ट झालं आणि त्यातली बहुतेक पुस्तकं रद्दीत गेली. ब्राउझरमधले गेम चालवणाऱ्या फ्लॅशचं तसंच झालं, ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने तो कायमचा थांबवला. युनिटीत एकेकाळी युनिटीस्क्रिप्ट नावाची भाषा होती, अनेक पुस्तकांतला निम्मा कोड तिच्यातच असायचा. २०१७ मध्ये कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. गोदो या इंजिनची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली आणि ‘कायनेमॅटिक बॉडी टूडी’चं नाव ‘कॅरेक्टर बॉडी टूडी’ झालं, ‘यील्ड’च्या जागी ‘अवेट’ आलं. आदल्या वर्षी गोदोचं पुस्तक विकत घेतलेल्या मुलाचा कोड जसाच्या तसा नव्या आवृत्तीत चालेना. युनिटी ६ मध्ये रिजिडबॉडीच्या ‘व्हेलॉसिटी’चं ‘लिनियर व्हेलॉसिटी’ झालं. हे सगळं चुकीचं झालं असं मी म्हणत नाही. इंजिन सुधारायचं तर नावं बदलणारच. पण कुठलं बटण कुठे आहे हे सांगणाऱ्या पुस्तकाचं आयुष्य इंजिनच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंतच असतं, आणि आपल्याकडे विद्यार्थी हजार-बाराशे रुपये मोजतो ते नेमके अशाच पुस्तकाला.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतलं उदाहरण घेतो. तुम्ही लिहिलंय की तुमचा हिरो हवेत असतानाच पुन्हा उडी मारायचा. व्हिडिओत सांगितलं, ‘जमिनीवर आहे का’ असं एक बुलियन, म्हणजे हो किंवा नाही एवढंच साठवणारं, व्हेरिएबल ठेवा आणि उडीआधी तपासा. पाच मिनिटांत प्रश्न सुटला, मग पुस्तक कशाला?

निस्ट्रॉम यांच्या ‘स्टेट’ या प्रकरणाची सुरुवात याच अडचणीपासून होते. हवेतली उडी, आणि ती थांबवायला घातलेला एक फ्लॅग, म्हणजे तसंच हो-नाहीचं व्हेरिएबल. मग हिरोला खाली वाकता यायला हवं. वाकलेला असताना उडी मारली तर? आणखी एक फ्लॅग. तुमच्या गेममध्ये पुढे शिडी येईल, तलवार येईल. चार फ्लॅग झाले की त्यांच्या १६ जुळण्या होतात, आणि त्यातल्या पाच-सहाच गेममध्ये खरोखर शक्य असतात. उरलेल्या प्रत्येक जुळणीत एखादा बग दडलेला असू शकतो. हिरो शिडीवर असताना वाकतो, किंवा तलवार उगारलेल्या अवस्थेतच जमिनीवर घसरत राहतो. प्रत्येक बगसाठी नवा व्हिडिओ शोधायचा आणि नवी ‘इफ’ची अट घालायची, असं करत गेलात तर थोड्याच दिवसांत ती फाइल उघडायचीच भीती वाटायला लागते. मी कामावर नवीन मुलांचा कोड तपासतो, तेव्हा अशी फाइल वारंवार समोर येते. मुलं हुशार असतात, मेहनती असतात. हिरो एका वेळी एकाच अवस्थेत असतो, तर ते कोडमध्येही तसंच लिहावं, असं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच. उभा, उडीत, वाकलेला, शिडीवर. प्रत्येक अवस्थेला आपला वेगळा कोड, आणि कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जाता येतं हे ठरलेलं. याला फायनाइट स्टेट मशीन म्हणतात. युनिटीच्या ॲनिमेटर खिडकीत चौकोन आणि बाण जोडत बसता ना, तेही हेच.

व्हिडिओने तुमचा त्या दिवसाचा प्रश्न सोडवला, आणि तो सोडवायलाच हवा होता. पण पुढच्या महिन्यात येणारा प्रश्न व्हिडिओला दिसत नाही, कारण तो करणाऱ्याचा गेम दहाव्या मिनिटाला संपतो.

दुसरी गोष्ट गेम लूपची, म्हणजे दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) गेम एक पाऊल पुढे नेणाऱ्या चक्राची. नवशिक्याला एकच प्रकरण वाचायला सांगायचं झालं तर मी हेच सांगेन. समजा तुमचं विमान प्रत्येक फ्रेमला ५ पिक्सेल पुढे सरकतं. तुमच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ३०० पिक्सेल. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेच विमान ७२० पिक्सेल पळतं, आणि जुन्या मशीनवर ३० फ्रेमच मिळाल्या तर १५०. तुमचा गेम तीन ठिकाणी तीन वेगांनी चालतोय. उपाय तुम्हाला माहीत असेल. वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळाने गुणायचा. युनिटीत ते ‘टाइम डॉट डेल्टाटाइम’, गोदोत ‘प्रोसेस’ फंक्शनला मिळणारा ‘डेल्टा’, पायथनच्या पायगेममध्ये ‘क्लॉक डॉट टिक’कडून परत येणारे मिलिसेकंद.

इथपर्यंत व्हिडिओही नेतात. पुढची पायरी अशी की सेकंदाला ३००० पिक्सेल जाणारी गोळी ६० फ्रेमच्या हिशेबाने दर फ्रेमला ५० पिक्सेल उडी घेते. भिंत २० पिक्सेलची असेल तर गोळी एका फ्रेममध्ये भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे. टक्कर तपासणाऱ्या कोडला भिंत दिसतच नाही. फ्रेम लांबली की उडीही लांबते, म्हणजे मशीन अडखळलं की बग जास्त दिसतो, आणि तुमच्या चांगल्या मशीनवर तो सापडता सापडत नाही. म्हणून फिजिक्सचं पाऊल ठरावीक ठेवतात. युनिटीत ‘फिक्स्ड अपडेट’ मुळात ०.०२ सेकंदांनी चालतो, गोदोत फिजिक्सचा ठोका सेकंदाला ६० वेळा पडतो. हे दोन आकडे वेगळे का, आणि ‘अपडेट’ व ‘फिक्स्ड अपडेट’ अशी दोन फंक्शनं मुळात का दिली आहेत, हे गेम लूप समजलेल्याला पाठ करावं लागत नाही. वेगवान गोळीला ठरावीक पाऊलही पुरत नाही, तिचा सगळा मार्गच तपासावा लागतो, हेही त्याच्या लक्षात येतं.

सी प्लस प्लसच्या आक्षेपाबद्दल. पुस्तकातले कोडचे तुकडे लहान आहेत, पॉइंटरची चिन्हं सोडली तर सी शार्प येणाऱ्याला ते वाचता येतात. आणि हे विचार युनिटीपासून दूरही नाहीत. पुस्तकातलं ‘ऑब्जेक्ट पूल’ प्रकरण बघा. गोळ्या सारख्या तयार करायच्या नि नष्ट करायच्या नाहीत, आधीच करून ठेवलेल्या पुन्हा वापरायच्या. सी शार्पमध्ये नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरमुळे त्याची गरज उलट जास्तच भासते. २०२१ च्या आवृत्तीपासून युनिटीने ऑब्जेक्ट पूलचा तयार क्लासच दिला. एवढंच काय, गेम प्रोग्रामिंगमधल्या पॅटर्न्सवर युनिटीचं स्वतःचं मोफत ई-पुस्तक आहे, सी शार्पच्या उदाहरणांसह. निस्ट्रॉम वाचताना ते शेजारी उघडं ठेवा, भाषेची अडचण बरीच कमी होईल.

नोकरीच्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं बरोबर आहे. जाहिरातीत इंजिनचं नाव असतं आणि मुलाखतीला जाताना त्या इंजिनमध्ये पूर्ण केलेला गेम दाखवावा लागतो. त्याला पर्याय नाही. माझं म्हणणं इतकंच की इंजिन शिकायला छापील पुस्तक घेऊ नका. युनिटीचं मॅन्युअल, गोदोचं डॉक्युमेंटेशन फुकट आहे, आवृत्ती निवडून वाचता येतं, आणि नाव बदललं की तिथेही बदलतं. छापील पुस्तक कधीच इतकं ताजं राहणार नाही. आणि कोणतं इंजिन, हेही तुमच्या हातात नसतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला तो अनरियलवर. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं तेव्हा अनेक छोट्या गटांनी गोदोकडे जायचं ठरवलं. वर्षभराने ते शुल्क मागे घेतलं गेलं, पण तोवर गेलेले गेले. ज्यांना स्टेट मशीन, गेम लूप, कंपोनंट (वस्तूची वेगवेगळी कामं सुट्या भागांत लिहिणं) या गोष्टी नीट कळल्या होत्या, त्यांना फक्त नवी नावं शिकावी लागली.

एक मात्र जोर देऊन सांगतो, कारण प्रतिक्रियांमध्ये शाळकरी मुलांचे पालकही लिहितायत. ज्याने अजून एकही प्रोग्राम लिहिलेला नाही त्याच्या हाती निस्ट्रॉम देऊ नका. त्याच्यासाठी अल स्वाइगार्ट यांचं पायथनमधून गेम शिकवणारं ‘इन्व्हेंट युअर ओन कम्प्युटर गेम्स विथ पायथन’ चांगलं. आधी आकडा ओळखणं, शब्द ओळखणं असे नुसत्या अक्षरांचे गेम आणि शेवटाकडे पायगेम, असा त्याचा क्रम आहे. तेही इंटरनेटवर पूर्ण मोफत वाचता येतं. निस्ट्रॉम यांचंही तसंच, लेखकानेच सगळं पुस्तक वेबवर खुलं ठेवलंय. खर्चाच्या काळजीवर माझं उत्तर हेच आहे.

गणिताला घाबरू नका. दोन गोल एकमेकांना आदळले का, हे दहावीच्या निर्देशक भूमितीतल्या अंतराच्या सूत्राने कळतं. केंद्रांमधलं अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असेल तर आदळले. वर्गमूळ काढायचीही गरज नाही, दोन्ही बाजूंच्या वर्गांचीच तुलना करा. पहारेकऱ्याला हिरो दिसतो का? पहारेकऱ्याच्या तोंडाची दिशा आणि हिरोकडे जाणारी दिशा, दोन्ही एकक सदिश (लांबी एक असलेले बाण) घेऊन त्यांचा डॉट प्रॉडक्ट, म्हणजे इथे त्यांच्यातल्या कोनाचं कोसाइन, काढा. तो अर्ध्यापेक्षा जास्त असेल तर हिरो समोरच्या १२० अंशांत आहे, कारण कोसाइन ६० अंशाची किंमत अर्धा. हा तक्ता तुम्ही पाठ केलेला आहे, त्याचा उपयोग कुणी दाखवला नाही इतकंच. थ्रीडीकडे वळाल तेव्हा डन आणि पारबेरी यांचं ‘थ्रीडी मॅथ प्रायमर’ घ्या. तेही लेखकांनी आता मोफत केलंय.

इंग्रजीचा प्रश्न खरा आहे, आणि मराठीत या दर्जाचं पुस्तक आजतरी मला सुचवता येत नाही. निस्ट्रॉम यांची भाषा गप्पा मारल्यासारखी आहे, वाक्यं लहान आहेत. तरी अडलं तर आधी नमुना कोड वाचा, तो स्वतः टाइप करून चालवा, एखादी ओळ मुद्दाम काढून काय बिघडतं ते बघा आणि मग वरचा मजकूर वाचा. एरवी अवघड वाटणारा परिच्छेद त्या क्रमाने पुष्कळ सोपा जातो. दुकानात किंवा ऑनलाइन नमुना पानांवर दुसरं कुठलंही पुस्तक पारखायचं असेल तर अनुक्रमणिका बघा. प्रकरणांची नावं इंजिनच्या खिडक्यांची आणि मेनूंची असतील तर ठेवून द्या. ‘शत्रू मार्ग कसा शोधतो’, ‘शंभर गोळ्या एकदम कशा हाताळायच्या’ अशी कामाची नावं असतील तर एक प्रकरण तिथेच वाचून बघा.

राहिलं ग्रेगरी यांचं ‘गेम इंजिन आर्किटेक्चर’. नॉटी डॉग या गेम कंपनीत काम केलेल्या माणसाने लिहिलेलं, हजाराहून जास्त पानांचं, आणि फार उत्तम पुस्तक. पण आत्ता विकत घेऊ नका. कॉलेजच्या ग्रंथालयात मागणी नोंदवा. २०१८ ची तिसरी आवृत्ती मिळाली तर मेमरी आणि ॲनिमेशनवरची प्रकरणं चाळा. सगळं वाचायची गरज तुम्ही स्वतः इंजिनच्या आतल्या कोडवर काम करायला लागाल तेव्हा पडेल. तोवर उडीवाला गेम उघडा, त्यातले फ्लॅग काढून अवस्था लिहून बघा, आणि अडलात तर कोड इथे टाका. मी वाचून उत्तर देईन.