बूड लाल, म्हणून काय झालं?

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, पक्षी बघायला नाही. पण बातमी साडूभाऊंच्या कानावर गेली आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी सहाला मी त्यांची जुनी 8×42 दुर्बीण गळ्यात अडकवून पुण्याच्या वेताळ टेकडीवर उभा होतो. 8 म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मला पहिला अर्धा तास फक्त माझ्याच पापण्या दिसल्या.

"अहो, चष्मा आहे ना तुम्हाला? मग ते रबर दुमडा!"

रबर दुमडलं. तेवढ्यात साडूभाऊ कुजबुजले, "वटवट्या! त्या गिरिपुष्पावर!"

आता वेताळ टेकडीवर जिकडेतिकडे गिरिपुष्पाचीच झाडं; तिथे "गिरिपुष्पावर" म्हणणं म्हणजे लक्ष्मी रोडवर "त्या साडीच्या दुकानात" म्हणण्यासारखं आहे. "कुठल्या गिरिपुष्पावर?" "ज्याची फांदी हलतेय ना, त्या!" मी फांदी शोधून काढली. ती हलत होती, कारण वटवट्या नुकताच तिच्यावरून उडाला होता.

बुलबुलाने मात्र मला आशा दाखवली. शेपटीखाली लालभडक ठिपका, भिंगाशिवाय दिसावा असा. "लालबुड्या बुलबुल!" मी ओरडलोच. नावातच खूण असलेला पक्षी चुकणार कसा?

"हळू! शिपाई बुलबुल आहे तो."

"पण बूड लाल आहे!"

"शिपायाचंही बूड लालच असतं. तुम्ही डोकं बघा. टोकदार तुरा, गाल पांढरे, डोळ्यामागे लाल ठिपका."

म्हणजे ज्याचं नाव लालबुड्या त्याची खूण बूड नाही. हे नाव ज्याने ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय. खाली बघावं तर वर बघा म्हणतात, आणि वर बघेपर्यंत पक्षी पलीकडच्या गिरिपुष्पावर.

डोळ्यांनी दगा दिला म्हणून कानांवर भरवसा टाकला. एक कर्कश, दोन सुरांची हाक आली. आमच्या ऑफिसच्या आवारात शिक्रा हा शिकारी पक्षी असायचा, त्यामुळे एवढा एक आवाज माझा पाठ आहे. "शिक्रा," मी अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणालो. साडूभाऊंनी समोरच्या तारेकडे बोट केलं. तिथे दुभंगलेल्या शेपटीचा, काळाकुळकुळीत कोतवाल बसला होता आणि चोच उघडून हुबेहूब शिक्र्यासारखा ओरडत होता. "नक्कल करतो तो. बाकीचे पक्षी घाबरून पळाले की त्यांचं खाणं ढापतो." आणि अशा पक्ष्याला आपल्या लोकांनी नाव काय दिलं, तर कोतवाल! हे नाव ठेवणाऱ्याबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही.

शेवटी एका झुडपात बोटभर, मातकट, पोटाला पिवळट असं काहीतरी बाकदार चोचीने फुलात खुपसाखुपशी करताना दिसलं. "शिंजिराची मादी," मी. नर जांभळा, चमकदार, एवढं ठाऊक होतं.

"नर आहे. विणीचा हंगाम संपला की तो जांभळे कपडे उतरवतो आणि मादीसारखा दिसायला लागतो. गळ्यावरची काळी रेघ तेवढी उरते."

लग्नकार्य आटोपल्यावर मीही बनियनवर येतो, पण म्हणून मला कुणी वहिनी म्हणत नाही.

साडे नऊला घरी पोचलो. साडूभाऊंच्या वहीत एकतीस पक्षी, माझ्या वहीत चार, आणि चारही खोडलेले. चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेलो, तर जास्वंदीवर तोच बोटभर, मातकट, पिवळट पक्षी! बायको कपडे वाळत घालत होती. म्हटलं, ही संधी सोडायची नाही.

"बघितलंस? तुला वाटेल मादी आहे. नर आहे तो. हंगाम संपला की कपडे बदलतो."

तिने चिमट्याकडून मान न वळवता सांगितलं, "मादीच आहे ती. नराच्या गळ्यावर काळी रेघ असते."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? चार वर्षं येतायत दोघं, रोज याच वेळेला. तुम्ही तेव्हा पेपरात डोकं घालून बसलेले असता."